मनगटावरची नाडी : आकडा खरा किती, खोटा किती?

“काय लेका, किती पडले?” हा प्रश्न होस्टेलवर पूर्वी फक्त मार्कांसाठी विचारला जायचा. हल्ली तो हृदयाच्या ठोक्यांसाठीही विचारतात. पहाटे पीएलच्या जागरणात कोणाचे ९८, व्हायवाला आत जाताना कोणाचे १२४, आणि कँटीनसमोरून ‘ती’ गेली की कोणाचे किती, हे इथे छापण्यासारखं नाही! प्रत्येक विंगमध्ये पाच-सहा तरी फिटनेस बँड आहेत. त्यावर जो आकडा दिसेल तो आपण मुकाट्याने खरा मानतो. मल्टिमीटरचं रीडिंग दोनदा तपासणारे आपण इंजिनियर लोक, पण मनगटावरच्या या मीटरला कॅलिब्रेशनचं विचारत नाही.

या लेखामागे दोन प्रसंग आहेत. पहिला हसण्यासारखा आहे. दुसरा मुळीच नाही. आधी पहिला सांगतो, मग थोडं शास्त्र, आणि दुसरा शेवटी.

यवतेश्वरचा घाट आणि १७२

साताऱ्यात राहून एकदा तरी हिल हाफ मॅरेथॉन पळायचीच, असं आम्ही रूममधल्या तिघांनी फर्स्ट इयरलाच ठरवलं होतं. २०१२ साली सुरू झालेली ही २१ किलोमीटरची स्पर्धा आता देशभर माहीत आहे. २०१५ मध्ये डोंगरातल्या शर्यतीत एका वेळी सर्वाधिक धावपटू पळाल्याचा गिनीज विक्रमही तिच्या नावावर लागला. अर्धा रस्ता यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेने वर चढायचा आणि तोच उतरायचा. तर एका रविवारी पावसाच्या भुरभुरीत आम्ही प्रॅक्टिसला निघालो.

घाटातल्या सगळ्यात उभ्या वळणावर माझ्या रूममेटची अवस्था अशी, की तोंडातून शब्द फुटेना. बँड म्हणतोय ९६. आम्ही म्हटलं, वा, काय स्टॅमिना! पुढे उतार लागला. गडी मजेत गप्पा मारत पळतोय आणि बँड म्हणतोय १७२. एक मिनिट गेलं, दोन गेली, आकडा १७० ते १७४ च्या बाहेर जाईना. आता मात्र घाबरलो. त्याला थांबवलं आणि थांबल्या थांबल्या गळ्याशी बोटं ठेवून मोजलं. १५ सेकंदांत ३३ ठोके, म्हणजे मिनिटाला १३२. थांबल्यावर नाडी भराभर उतरते हे धरलं, तरी चाळीसचा फरक जरा जास्तच झाला. मग एक आयडिया आली. त्याला परत पळायला लावलं आणि पावलं मोजली. ३० सेकंदांत ८६ पावलं. म्हणजे मिनिटाला १७२!

बँड त्याचं हृदय मोजत नव्हता. पाय मोजत होता.

होस्टेलवर आल्यावर उत्साहाच्या भरात तोच बँड मेसमधल्या केळ्याला बांधला. थोडा वेळ विचार करून त्याने केळ्याची नाडी ७१ दाखवली. मेसचे मामा ताट पुसत बघत होते. म्हणाले, “केळ्याला काळीज हाय म्हणायचं! तुमच्या सरांनाबी बांधून बघा की.” (सर, हे मामांचं मत आहे, आमचं नाही.)

थोडा इतिहास

नाडी बघणं आपल्याकडे नवं नाही. शार्ङ्गधर संहितेत नाडीपरीक्षेचं वर्णन आहे. पण तिथे भर नाडीच्या चालीवर आहे, मिनिटाच्या मोजणीवर नाही. मोजणीसाठी सेकंद दाखवणारं घड्याळ लागतं. इंग्लंडमधल्या जॉन फ्लॉयर या डॉक्टरांनी बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळ खास नाडीसाठी करून घेतलं आणि १७०७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे नेदरलँड्सच्या विलेम आइन्थोव्हेन यांनी १९०३ च्या सुमारास स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर वापरून हृदयातली वीज कागदावर आणली. तोच आपला ईसीजी. १९२४ चं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं.

धावता धावता नाडी मोजायची युक्ती मात्र फिनलंडची. याच फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीला, १९५२ मध्ये आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत ब्राँझ घेऊन आले. पुढे १९७७ मध्ये तिथे पोलर ही कंपनी निघाली आणि १९८२ मध्ये तिने छातीला पट्टा व मनगटावर घड्याळ असा पहिला वायरलेस हार्ट रेट मॉनिटर बाजारात आणला. छातीचा पट्टा ईसीजीसारखीच वीज मोजतो. आजही खेळाच्या लॅबमध्ये मनगटी घड्याळं अनेकदा याच पट्ट्याशी ताडून बघतात.

हिरवा दिवा नेमकं करतो काय?

बँड उलटा करून बघा. खाली एक-दोन हिरवे एलईडी आणि शेजारी फोटोडायोड दिसेल. या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी म्हणतात. नाव उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून पुढे नुसतं पीपीजी म्हणूया.

तत्त्व सोपं आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटाच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं, प्रकाश जास्त शोषला जातो आणि फोटोडायोडवर कमी परत येतो. ठोका ओसरला की उलट. म्हणजे परत येणाऱ्या प्रकाशावर एक बारीक लाट तयार होते. दोन शिखरांमधला वेळ सेकंदात मोजा, ६० ला त्याने भागा, झाला हार्ट रेट.

गोम आहे ती ‘बारीक’ या शब्दात. परत येणाऱ्या प्रकाशाचा बहुतेक भाग त्वचा, चरबी, हाडं आणि स्थिर रक्त यांचा असतो. तो झाला डीसी. ठोक्यामुळे हलणारा एसी भाग साधारण एक-दोन टक्के, कधी त्याहूनही कमी. शंभर रुपयांच्या चिल्लरमध्ये रुपया-दोन रुपये इकडचे तिकडे होतात ते शोधायचं, आणि तेही कोणी पिशवी हलवत असताना!

आणखी एक मुद्दा. ईसीजी वीज मोजतो, पीपीजी रक्ताची पातळी मोजतो. सांगली-साताऱ्याच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. कोयनेचे दरवाजे कधी उघडले हे धरणावर उभं राहून बघणं म्हणजे ईसीजी. सांगलीच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी बघून ‘दरवाजे उघडले असणार’ असा अंदाज बांधणं म्हणजे पीपीजी. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. पण पाणी पोचायला वेळ लागतो आणि मधल्या भागात पाऊस पडला तरी पातळी हलतेच. बँडच्या बाबतीत हा मधला पाऊस म्हणजे तुमच्या हाताची हालचाल.

गणित कुठे अडतं?

डीएसपीचा पेपर ‘कशाला असतो’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा भाग जरूर वाचावा.

समजा बँड सेकंदाला २५ सॅम्पल घेतो. म्हणजे दोन सॅम्पलमध्ये ४० मिलिसेकंद. हार्ट रेट १८० असेल तर दोन ठोक्यांमधलं अंतर ३३३ मिलिसेकंद. शिखर एक सॅम्पल इकडे-तिकडे झालं तर अंतर २९३ किंवा ३७३ होणार, आणि आकडा येणार २०५ किंवा १६१! म्हणून कोणतंही घड्याळ एका ठोक्यावरून आकडा दाखवत नाही. ते अनेक ठोक्यांची सरासरी काढतं. त्याची किंमत म्हणजे उशीर. तुम्ही १०० मीटर स्प्रिंट मारून थांबता, आणि घड्याळाला ते नंतर कळतं.

दुसरा मार्ग एफएफटीचा. आठ सेकंदांची खिडकी घेतली, तर फ्रिक्वेन्सीचं रेझोल्यूशन १/८ म्हणजे ०.१२५ हर्ट्झ. ६० ने गुणलं की मिनिटाला साडेसात ठोके. आता घाटातला माझा रूममेट आठवा. उतारावर पावलं १७२, म्हणजे २.८७ हर्ट्झ. हार्ट रेट समजा १४०, म्हणजे २.३३ हर्ट्झ. दोन्ही शिखरं वेगळी दिसतात, पण पावलाचं शिखर उंच आणि ठोक्याचं बुटकं. अल्गोरिदमने उंच तेच खरं मानलं की झाली फसगत. आणि हार्ट रेट जर १६८ असता, तर फरक उरतो फक्त ०.०७ हर्ट्झ. तो साडेसातच्या चाळणीत वेगळा पडतच नाही. पळणाऱ्या माणसाची पावलं बऱ्याचदा मिनिटाला १५० ते १८० असतात आणि जोरात पळताना नाडीही त्याच पट्ट्यात असते. निसर्गाने दोन सिग्नल नेमके एकाच बँडमध्ये बसवलेत!

यावर उपाय म्हणून घड्याळातच अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. हाताची हालचाल त्याच्याकडून कळते आणि अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टर ती पीपीजीमधून वजा करायला बघतो. विड्रो आणि हॉफ यांनी १९६० मध्ये मांडलेला एलएमएस अल्गोरिदम आपण सिलॅबसमध्ये रटतो, तो याच घराण्यातला. पण ठोके आणि पावलं एकाच फ्रिक्वेन्सीवर आली, तर फिल्टर पावलांबरोबर ठोकेही पुसून टाकू शकतो. प्रश्न इतका चिवट, की आयईईईने २०१५ ची विद्यार्थ्यांची सिग्नल प्रोसेसिंग कप स्पर्धा याच विषयावर ठेवली होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॉयका’ या पद्धतीने १२ जणांच्या पळतानाच्या नोंदींवर सरासरी चूक २.३४ ठोक्यांपर्यंत खाली आणली. फायनल इयर प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आकडा केव्हा घसरतो?

पट्टा सैल असेल तर. बाहेरचा उजेड आत शिरतो आणि सेन्सर त्वचेवर घसरतो. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण हात सुन्न होणार नाही इतपत बांधावा.

थंडी असेल तर. ऑगस्टच्या पावसात, कासच्या वाऱ्यात त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्तच कमी आलं तर लाट येणार कुठून? घाट चढताना आमच्या बँडने ९६ दाखवले, त्यात गार पाऊस आणि सैल पट्टा दोन्हीचा हात असावा.

मूठ आवळली तर. तालमीतली गदा, जिममधलं डंबेल, खड्ड्यांतून जाणाऱ्या सायकलचं हँडल, सगळीकडे मनगट वाकतं, स्नायू ताठ होतात, आकडा भरकटतो.

मनगटावर गडद टॅटू असेल तर. शाई हिरवा प्रकाश अडवते.

ठोकेच अनियमित असतील तर. काही ठोके इतके दुबळे असतात की ईसीजीवर दिसतात, पण मनगटापर्यंत लाट पोचतच नाही. तेव्हा घड्याळ कमी मोजतं.

आणि त्वचेचा रंग? मेलॅनिनही हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे आपल्यासारख्या सावळ्या मंडळींना हा प्रश्न पडणारच. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २०२० मध्ये ५३ जणांवर वेगवेगळ्या त्वचेच्या छटा घेऊन तपासणी केली. हार्ट रेटच्या अचूकतेत रंगामुळे लक्षणीय फरक आढळला नाही. फरक पडला तो हालचालीने. विश्रांतीपेक्षा हालचालीत चूक सरासरी ३० टक्क्यांनी जास्त होती. मात्र ऑक्सिजन मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरची गोष्ट वेगळी. २०२० च्याच एका अमेरिकन अभ्यासात, ऑक्सिजन धोकादायक खाली गेलेला असूनही यंत्राने ठीक दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट दिसलं. कोविडमध्ये घराघरात बोटाला लावलेलं यंत्र ते हेच. त्यामुळे ‘रंगाचा प्रश्न संपला’ असं सरसकट म्हणता येत नाही.

०.९१ म्हणजे ९१ टक्के बरोबर नव्हे

क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये ५० निरोगी माणसांना ट्रेडमिलवर चालवून-पळवून चार मनगटी यंत्रं ईसीजीशी ताडून पाहिली. हा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. छातीच्या पट्ट्याचा जुळणी गुणांक ०.९९ होता, मनगटी यंत्रांचा ०.८३ ते ०.९१. ती यंत्रं आता जुनी झाली, सेन्सर सुधारले. पण शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे.

असा आकडा वाचून आपण म्हणतो, “चला, ९१ टक्के करेक्ट.” चूक! समजा एक घड्याळ नेहमी बरोबर २० ठोके जास्त दाखवतं. त्याचा कोरिलेशन गुणांक किती? पूर्ण १. आणि आकडा? दर वेळी चुकीचा. एकत्र वर-खाली होणं वेगळं आणि एकमेकांशी जुळणं वेगळं. ब्लँड आणि ऑल्टमन या दोघांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हेच सांगितलं. दोन यंत्रं ताडायची तर प्रत्येक वेळचा फरक काढा आणि तो कोणत्या मर्यादेत पसरलाय ते बघा. नुसत्या सरासरी चुकीवरही विसंबू नका. एकदा +२० आणि एकदा -२० आलं तर सरासरी शून्य येते, म्हणून यंत्र उत्तम ठरत नाही.

स्टॅनफर्डच्या २०१७ च्या अभ्यासात ६० जणांवर सात यंत्रं तपासली. सातपैकी सहांची हार्ट रेटची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. म्हणजे बँडला अगदीच मोडीत काढायला नको. पण जळालेल्या कॅलरी? सगळ्यात चांगल्या यंत्राची चूक २७ टक्के, सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. तेव्हा ‘आज ६०० जाळल्या’ म्हणून मेसमध्ये चौथी पोळी मागणाऱ्यांनी सावध व्हावे.

आता दुसरा प्रसंग

केळ्यानंतर दोनेक महिन्यांनी, सेमिस्टर संपता संपताची रात्र. मेसचे मामा भांड्यांच्या कट्ट्यावर बसले होते. छातीत भरून आल्यासारखं होतंय, घाम येतोय म्हणाले. वर पुन्हा, “काय न्हाई रं पोरांनो, आसिडिटी आसंल. दुपारची मिसळ बाधली.”

आम्ही काय केलं? इंजिनियर ना आम्ही! रूममेटने पट्कन स्वतःचा बँड त्यांच्या हाताला बांधला. ७८ आले. एकदा नाही, तीनदा बघितलं. ७८, ७७, ७८. मी गळ्याशी बोटं ठेवून मोजलं, तेही तेवढंच. दोन महिन्यांपूर्वी ज्या बँडची टर उडवली होती, त्याचा आकडा हाताने तपासून घेतल्याचा मला उलट अभिमान वाटला. म्हटलं, “मामा, हार्ट एकदम नॉर्मल आहे. झोपा निवांत.”

मामांनाही तेच ऐकायचं होतं. ते झोपायला गेले. अर्ध्या-पाऊण तासाने वॉचमन काका आले. त्यांनी मामांचा चेहरा बघितला. नाडी मोजली नाही, काही नाही. “१०८ ला फोन लावा आधी,” एवढंच म्हणाले. गाडी आली. दवाखान्यात ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता.

त्या ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात हार्ट रेट छापलेला मी स्वतः पाहिला. ७९.

म्हणजे बँड बरोबर होता! एका ठोक्याचा फरक. यापेक्षा अचूक रीडिंग मागून मिळणार नाही. चुकलो ते आम्ही. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. ठोके त्या वेळी ७८ असू शकतात, ५० असू शकतात, ११० असू शकतात. ठोक्यांच्या संख्येत ही माहितीच नसते. ती असते ईसीजीच्या लाटेच्या आकारात आणि रक्ताच्या तपासणीत. आम्ही व्होल्टेज बरोबर मोजलं आणि त्यावरून ‘सर्किट ठीक आहे’ असं सर्टिफिकेट देऊन टाकलं. हल्ली काही घड्याळं मनगटावर ईसीजी काढतात. पण तो एकाच लीडचा असतो, दवाखान्यातला १२ लीडचा. हार्ट अटॅक ओळखण्यासाठी ते नाही, असं कंपन्या स्वतःच लिहून देतात.

मामा वाचले. स्टेंट बसला. दीड महिन्याने कामावर आले, आता जड पातेलं उचलत नाहीत. आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, “अजून उशीर झाला असता तर अवघड होतं.” तो उशीर बँडने केला नव्हता.

मग बँड फेकून द्यायचा का?

नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत सुमारे ४ लाख १९ हजार लोकांच्या घड्याळांवर लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या ०.५२ टक्के लोकांना ‘नाडी अनियमित आहे’ अशी सूचना आली. पुढे ज्यांनी छातीवर पॅच लावून तपासणी पूर्ण केली, त्यांतल्या ३४ टक्क्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन खरोखर सापडलं. म्हणजे ‘दवाखान्यात जाऊन या’ असं सुचवायला घड्याळ उपयोगी पडतं. ‘जाऊ नका’ असं सांगण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा.

रोजच्या वापरासाठी चार गोष्टी. एक, सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, शांत पडून आकडा बघा. तो सगळ्यात भरवशाचा. दोन, एका आकड्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांचा कल बघा. तीन, पळताना आकडा पावलांच्या जवळ चिकटून बसला, तर पट्टा वर सरकवून घट्ट करा आणि शंका असेल तर थांबून हाताने मोजा. १५ सेकंद मोजलंत तर एका ठोक्याची चूक मिनिटाला चारची होते, ३० सेकंदांत दोनची. म्हणून शांत बसलेले असाल तर पूर्ण मिनिट मोजा. चार, ‘२२० वजा वय’ हे कमाल हार्ट रेटचं सूत्र सरासरीचं आहे. माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सर्रास असतो. तेवढ्यावरून स्वतःला नापास करू नका.

आणि पाचवी गोष्ट, ती बँडची नाही. छातीत दाब, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, धाप, यांपैकी काही कोणाला होत असेल, मग ते मामा असोत, मेट्रन असोत की आपला पार्टनर, तर आकडा बघत बसू नका. १०८ लावा. रेक्टर सरांना रात्री दोनला उठवावं लागलं तरी उठवा. ते रागावणार नाहीत, आम्ही विचारून घेतलंय.

वॉचमन काकांना मी नंतर विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, “आरं, बघितलं की त्येंच्याकडं.” आम्ही तिघंही तेव्हा बँडकडे बघत होतो.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन